परसातील कोठी : थोडी जागा, नेटकी मांडणी

घर बांधताना सिमेंट आणि सळया ठेवण्यासाठी मागच्या अंगणात एक पत्र्याची शेड उभी राहते. बांधकाम संपते, गवंडी निघून जातात, शेड मात्र पाडायची राहून जाते. पुढे तिच्यात कुदळ येते, फावडे येते, अर्धे वापरलेले खताचे पोते येते, फुटक्या कुंड्या येतात आणि पाच-सहा वर्षांत दार उघडताच काहीतरी अंगावर पडेल अशी तिची अवस्था होते. कोणी तिला अडगळीची खोली म्हणते, कोणी अवजारांची खोली, तर कोणी नुसतेच 'मागचे खोपटे'. आपल्या देशात बहुसंख्य बागांच्या कोठ्या अशाच, ठरवून न बांधता, तयार झालेल्या आहेत.

या खोलीकडे दुर्लक्ष होण्याचे कारण उघड आहे. पाहुणा तिथे जात नाही. परंतु घरातील सर्वांत धारदार, सर्वांत विषारी आणि सर्वांत लवकर नासणाऱ्या वस्तू नेमक्या याच खोलीत एकत्र नांदत असतात, आणि घरातील सर्वांत तकलादू कुलूपही बहुधा हिच्याच दाराला असते. म्हणून तिच्या मांडणीचा विचार हा केवळ टापटिपीचा विषय राहत नाही.

आपल्या बँकेतील जे अधिकारी कॅश क्रेडिटच्या तारण मालाची पाहणी करण्यासाठी गोदामांत जातात, त्यांना या विषयातील निम्मे शास्त्र आधीच ठाऊक असते. माल जमिनीला टेकलेला नसावा, भिंतीला चिकटलेला नसावा, मधून चालता यावे, प्रत्येक थप्पीवर तपशील असावा आणि आधी आलेला माल आधी बाहेर जावा. केंद्रीय वखार महामंडळाची स्थापना १९५७ साली झाली. तेव्हापासून देशभरच्या वखारींतून हीच शिस्त पाळली जाते. बागेच्या कोठीला तीच शिस्त लागू पडते, फक्त माप लहान करावे लागते.

आधी सर्व बाहेर

मांडणीची सुरुवात खोली संपूर्ण रिकामी करण्यापासून व्हावी. आतल्या आत वस्तू सरकवून कोठी कधीही लागत नाही. यासाठी वर्षातून दोन दिवस आपल्या परंपरेनेच नेमून दिलेले आहेत. पहिला मृग नक्षत्र लागण्यापूर्वीचा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आतला, दुसरा खंडेनवमीचा. खंडेनवमीला अवजारे घासूनपुसून पूजेला मांडण्याची चाल आपल्याकडे आहे. दक्षिणेत हीच आयुधपूजा होते आणि बंगालकडे सप्टेंबरच्या मध्यास विश्वकर्मा पूजा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा अवजारे उजेडात यावीत, ही यामागची व्यावहारिक बाजू फार मोलाची आहे.

रिकामी करण्याचे काम भर दिवसा, पायांत बूट आणि हातांत जाड मोजे घालून करावे. विटांचा ढीग, पोत्यांची चळत किंवा कौलांची रास थेट हाताने उचलू नये. आधी लांब काठीने हलवावी. याचे कारण पुढे येईलच.

बाहेर काढलेल्या वस्तूंचे तीन भाग करावेत : दर आठवड्याला लागणाऱ्या, हंगामात लागणाऱ्या आणि ज्यांचा बागेशी काही संबंध नाही अशा. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघतो, असे बहुतेक घरांत आढळेल. उरलेल्या फरशा, रंगाचे सुकलेले डबे, जुना पंखा, मोडलेली तीनचाकी सायकल. यांपैकी उरलेल्या सिमेंटच्या पोत्याचा मोह विशेष आवरावा. दमट हवेत सिमेंटची ताकद महिन्यागणिक घटत जाते, तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये असा बांधकामातील संकेत आहे, आणि आपल्या कोठीतील पोते बहुधा तीन वर्षांचे असते.

जमीन थोडी, भिंती पुष्कळ

एक नेहमीचे माप घेऊ. सहा फूट रुंद, आठ फूट लांब आणि सात फूट उंच अशी शेड. तिची जमीन ४८ चौरस फूट. चारही भिंतींचे क्षेत्रफळ १९६ चौरस फूट. अडीच फूट रुंद दरवाजा आणि एक लहान खिडकी वजा जाता सुमारे १७५ चौरस फूट उरते. म्हणजे भिंतीवरील जागा जमिनीच्या साडेतीन पटींहून अधिक आहे. तरीही आपण सारे सामान जमिनीवर रचतो आणि जागा पुरत नाही म्हणून तक्रार करतो. जी वस्तू टांगता येते ती टांगावी, जी टांगता येत नाही ती फळीवर ठेवावी आणि जमिनीवर केवळ अतिजड वस्तू असाव्यात, हे एवढे सूत्र पाळले तरी अर्धे काम होते.

दरवाजा बाहेर उघडणारा असावा. अडीच फुटांचे दार आत उघडले तर ते सुमारे पाच चौरस फूट जमीन अडवते. ४८ पैकी पाच म्हणजे दहावा हिस्सा. शिवाय आत काही घसरून पडले तर दार उघडतच नाही, ही अडचण वेगळी.

आठ फुटी बाजूंपैकी एकीला दीड फूट खोलीचे रॅक लावावे आणि समोरच्या भिंतीवर लांब दांड्यांची अवजारे टांगावीत. त्यांना नऊ इंच पुरतात. मध्ये पावणेचार फूट मोकळी वाट उरते. तेवढ्यात माणूस बसून कुंडीही भरू शकतो. रॅकसाठी लोखंडी अँगलचे तयार सांगाडे मिळतात. परंतु जिथे शेडच्या भिंती विटांच्या आहेत तिथे कडाप्प्याच्या फळ्या सर्वांत उत्तम असे माझे मत आहे. त्यांना वाळवी लागत नाही, गंज चढत नाही आणि सांडलेले खत ओल्या फडक्याने पुसून निघते. भिंती पत्र्याच्या असल्यास पत्र्याला खिळा ठोकून काहीही अडकवू नये. पत्रा वजन पेलत नाही आणि त्या भोकातून पावसाळ्यात पाणी झिरपते. सांगाड्याच्या दोन उभ्या अँगलना आडवी लाकडी पट्टी बोल्टने आवळावी आणि खुंट्या त्या पट्टीत माराव्यात.

टांगताना वजनाचा विचार करावा. टिकाव आणि कुदळ यांची पाती छातीच्या उंचीपेक्षा वर नसावीत, म्हणजे काढताना तोल गेला तरी डोक्यावर येणार नाहीत. दोन जाड खुंट्यांच्या मध्ये दांडा आणि खुंट्यांवर पाते, धार भिंतीकडे, अशी रीत ठेवावी. पहार टांगूच नये. कोपऱ्यात जमिनीलगत लोखंडी नळीचा वीतभर तुकडा बसवून तिच्यात उभी करावी. दाताळे जमिनीवर दात वर करून पडलेले असणे ही तर नित्याची आणि टाळता येण्याजोगी दुर्घटना आहे.

कारखान्यांतून एक चांगली पद्धत दिसते. भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या जागी त्याचीच बाह्याकृती रंगाने काढलेली असते. संध्याकाळी एक नजर टाकली की कोणते हत्यार परत आलेले नाही ते कळते. ज्या घरी माळी येतो, किंवा शेजारी अवजारे मागून नेतात, तिथे ही आकृती हिशेबाच्या वहीहून अधिक काम करते आणि कोणाला विचारण्याचा संकोचही उरत नाही. खुरपे आणि सिकेटर यांच्या मुठींना मात्र लाल किंवा पिवळा रंग द्यावा. हिरवी मूठ दुकानात सुंदर दिसते आणि गवतात हरवते.

रबरी नळी खिळ्याला अडकवली की त्याच ठिकाणी तिची घडी पडून चीर जाते. स्कूटरची जुनी रिम भिंतीला बोल्टने बसवावी आणि तिच्यावर नळी गुंडाळावी. मातीच्या कुंड्या एकात एक घालताना मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी ठेवावी, नाहीतर दमट हवेत त्या एकमेकींत रुतून बसतात आणि ओढताना काठ फुटतो.

लोखंड आणि लाकूड

रत्नागिरी, चेन्नई किंवा विशाखापट्टणम् अशा समुद्रकाठच्या गावी बदली होऊन गेलेल्यांना खाऱ्या हवेत लोखंड किती झपाट्याने गंजते ते सांगायला नको. मातीसकट ठेवलेले पाते सर्वांत आधी गंजते, कारण माती ओल धरून ठेवते. यावर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. बादलीत कोरडी वाळू भरावी, तिच्यात पावशेर मशिनचे तेल मिसळावे आणि काम झाल्यावर खुरपे, विळा, फावड्याचे पाते त्या वाळूत चार-पाच वेळा खुपसावे. वाळू घासते, तेल लागते. गॅरेजमधील काळे, वापरलेले इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून ते वापरू नये. त्यात जड धातूंचे अंश असतात आणि ते अखेर आपल्याच भाजीच्या वाफ्यात उतरतात.

दांडे बहुतेक बाभळीचे असतात. बाभूळ चिवट असते, परंतु उन्हाळ्यात सुकून आकसते आणि पाते सैल होते. मग पाते पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय सार्वत्रिक आहे. लाकूड फुगून पाते तात्पुरते घट्ट बसते आणि पुन्हा सुकल्यावर पूर्वीपेक्षा अधिक सैल होते. नवी पाचर ठोकणे हाच खरा इलाज. वर्षातून एकदा दांड्यांना जवसाचे तेल चोळावे; लाकूड तडकत नाही आणि हाताला फोड येत नाहीत.

जवसाच्या तेलाविषयी एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत कोंडली जाते आणि कोणी काडी न लावताही चिंध्या पेट घेऊ शकतात. म्हणून असे फडके उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावे किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावे.

जाता जाता आणखी एक. गंजलेला खिळा लागला की धनुर्वात होतो, असा समज आहे. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत. त्यांची बीजे मातीत आणि शेणखतात असतात. त्यामुळे अगदी चकचकीत विळ्यानेही, मातीत काम करताना जखम झाली, तर धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली आहे ना हे पाहणे तितकेच गरजेचे आहे.

खते आणि बियाणे

खताची पोती लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून किमान चार इंच उंच आणि भिंतीपासून सहा इंच दूर ठेवावीत. मोठ्या गोदामांत हे अंतर दोन-तीन फुटांचे असते. आपल्याला तेवढी चैन परवडत नाही. युरियाचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. तीस अंश तापमानाला हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७२ ते ७५ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतील बाष्प ओढू लागतो. कोकण, केरळ किंवा कोलकाता येथे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता यापेक्षा बरीच अधिक असते. म्हणजे उघडे राहिलेले पोते तिथे दगड होणारच. उरलेला युरिया घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरावा. युरिया आणि सुपर फॉस्फेट आधीच एकत्र कालवून ठेवू नयेत. मिश्रणाला पाणी सुटून त्याचा चिखल होतो. पत्र्याच्या डब्यात कोणतेही रासायनिक खत ठेवल्यास एक-दोन पावसाळ्यांत डबाच खाल्ला जातो.

जिवाणू खतांची गोष्ट निराळी आहे. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर किंवा ट्रायकोडर्मा यांच्या पुड्यांत जिवंत जीव असतात. मे महिन्यात नागपूरला किंवा जयपूरला पत्र्याच्या शेडमध्ये हात भाजावा इतका उकाडा असतो. अशा खोलीत ठेवलेली पुडी मुदतीच्या तारखेपूर्वीच निव्वळ पावडर होऊन जाते. गांडूळ खतही हवाबंद करू नये. गोणपाटात, सावलीत, किंचित ओलसर ठेवावे.

बियाणे तर या कोठीत ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी मांडलेला एक सोपा आडाखा जगभर वापरला जातो : बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणुकीचे तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरले तरी ते दुप्पट होते. या हिशेबाने पस्तीस अंशांच्या शेडमधून पंचवीस अंशांच्या घरात आणलेली बी सुमारे चौपट टिकते. आपल्या आजीने बी राखेत घोळवून, मडक्याचे तोंड लिंपून, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले होते. त्यामागचे गणित हेच होते. आज घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि फ्रिजचा खालचा कप्पा एवढे पुरे. तरीही कांद्याचे बी वर्षभरापलीकडे भरवशाचे नसते. टोमॅटो, वांगी, काकडी यांचे बी नीट ठेवल्यास तीन-चार वर्षे उगवते.

कुलपातले कपाट

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनानंतर मुलांना विषबाधा झाली आणि २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. खाद्यपदार्थ आणि शेतीची औषधे एकमेकांच्या सान्निध्यात आली की काय होऊ शकते, याचे याहून विदारक उदाहरण अलीकडच्या काळात नाही. आपल्या परसातील शेडमध्येही अनेकदा एकाच फळीवर रॉकेल, दिव्याचे तेल, फिनेल, ढेकणांचे औषध आणि झाडांवर फवारायचे औषध शेजारी शेजारी उभे असते. कित्येकदा ते शीतपेयाच्या बाटलीत असते, आणि बाटलीवर चिठ्ठी नसते.

यासंबंधी पहिला नियम अत्यंत कडकपणे पाळावा. कीटकनाशक त्याच्या मूळ बाटलीतच राहील. शेजाऱ्याला 'थोडेसे' देण्यासाठी दुसऱ्या बाटलीत काढले जाणार नाही. शेजाऱ्याकडून आणलेही जाणार नाही. औषधाबरोबर त्याचे लेबल गेले पाहिजे, कारण अपघात झाल्यास डॉक्टर प्रथम तेच विचारतात.

हे लेबल वाचायला फारसे अक्षरज्ञानही लागत नाही. कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक वेष्टनावर चौकटीच्या आकाराचे एक चिन्ह असते आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. यावर कवटी आणि हाडांची खूणही असते. पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. हिरव्या त्रिकोणाचा अर्थ 'निर्धोक' असा अनेक जण घेतात. तो तसा नाही. घरच्या बागेसाठी लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचे औषध विकत घेण्याची गरज मला तरी कधी पटलेली नाही. चार गुलाब आणि दोन वाफे भेंडी यांच्यासाठी निंबोळी अर्क आणि साबणाचे पाणी बहुतेक वेळा पुरते.

जे काही ठेवायचे ते एका लहान लोखंडी कपाटात, कुलपात ठेवावे. पातळ औषधे खालच्या कप्प्यात आणि भुकटी वरच्या कप्प्यात, म्हणजे बाटली गळली तरी पुड्या भिजणार नाहीत. तळाशी एक प्लॅस्टिकचा ट्रे असावा. तणनाशक इतर औषधांपासून वेगळे ठेवावे आणि त्याचा फवारणी पंपही वेगळा असावा. पंपावर लाल रंगाचा जाड पट्टा ओढावा. २,४-डी या तणनाशकाचा पंपात राहिलेला अल्प अंशही टोमॅटोची पाने वेडीवाकडी करण्यास पुरेसा होतो. उंदरांसाठीचे झिंक फॉस्फाईड, ती काळपट राखाडी पूड, कधीही ओलाव्याजवळ ठेवू नये. आम्लाशी किंवा ओलाव्याशी संपर्क आल्यास तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर घरात असूच नयेत. त्या सर्वसामान्य ग्राहकाला विकण्यावर निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत.

स्वच्छतागृहासाठीचे ॲसिड आणि पाण्याच्या टाकीसाठीची ब्लीचिंग पावडर ही जोडगोळीही अशीच. दोन्ही एकाच फळीवर असतात. एक बाटली फुटली आणि दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निर्माण होतो. बंद शेडमध्ये तो जिवावर बेतू शकतो. गवत कापण्याच्या यंत्रासाठी पेट्रोल लागत असेल तर तेवढ्या दिवसापुरते आणावे. साठा करू नये.

कोठीतील विषाचा सर्वांत चांगला बंदोबस्त म्हणजे ते कमी विकत घेणे. लिटरची बाटली प्रमाणाने स्वस्त पडते खरी, परंतु घरच्या बागेला हंगामात पन्नास मिलिलिटरही लागत नाही आणि उरलेली बाटली पुढे दहा वर्षे त्या फळीवर बसते. अशा जुन्या बाटल्यांत आज बंदी असलेली औषधेही सापडतात. एंडोसल्फान हे त्याचे ठळक उदाहरण. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये त्यावर देशभर बंदी आणली. अशी बाटली गटारात किंवा आडात ओतू नये. ती बंद स्थितीत, वेगळी ठेवून कृषी विभागाच्या कार्यालयात विचारणा करावी. वापरून रिकामी झालेली बाटली तीन वेळा विसळावी, विसळलेले पाणी फवारणीच्या पंपातच घालावे आणि बाटलीला भोके पाडावीत, म्हणजे कोणी तिच्यात दूध किंवा तेल भरणार नाही.

कपाटाच्या दारावर आतून नव्हे, तर बाहेरून एक कागद चिकटवावा. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे आणि त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८०० ११६ ११७ हा आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२. त्याखाली दोन वाक्ये लिहावीत : उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन रुग्णालयात जा.

न बोलावलेले रहिवासी

सांडलेले धान्य किंवा पेंड कोठीत राहिली की उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. यांपैकी मण्यार रात्री हिंडते आणि फुरसे दगडांखाली दडून बसते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला आहे. या आकड्यापुढे शेडच्या दाराखालची दोन बोटांची फट ही क्षुल्लक गोष्ट उरत नाही. फटीला रबरी पट्टी, झरोक्यांना बारीक तारेची जाळी, आणि विटा व लाकडे शेडच्या भिंतीला न टेकवता दूर रचणे, इतके केले तरी धोका पुष्कळ घटतो. रात्री शेडमध्ये बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये. तो अवयव न हलवता माणसाला प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची साथ पाहिली आहे. पावसाळ्यात ओल्या शेडमध्ये अनवाणी काम करण्याची सवय म्हणून सोडलीच पाहिजे. डासांसाठी उपाय त्याहून सोपा : कुंड्या, बादल्या, झाऱ्या पालथ्या ठेवाव्यात आणि जुना टायर ठेवूच नये. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठवड्या-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो आणि त्याची अंडी कोरड्या भांड्यातही महिनोन् महिने तग धरतात. म्हणून भांडे नुसते उपडे करून भागत नाही, ते घासावेही लागते.

यादी, किल्ली आणि बदली

दाराच्या आतल्या बाजूस एक यादी लावावी : कोणती वस्तू कुठे, खताचे पोते कधी उघडले, औषधाची मुदत कधी संपते. कार्यालयातील डेड स्टॉक रजिस्टरइतका थाट नको. एक पान पुरे. किल्ली मात्र घरात, मोठ्या माणसांच्याच हाताला येईल अशा खुंटीवर असावी. तुळशी वृंदावनामागे किंवा पहिल्या कुंडीखाली ठेवलेली किल्ली सर्वांत आधी मुलांनाच सापडते.

ज्यांना दर तीन वर्षांनी बदलीचा आदेश येतो त्यांच्यासाठी थोडे वेगळे सांगावे लागेल. कुंड्या, माती, खत आणि औषधे यांपैकी काहीही ट्रकमध्ये चढवू नये. फावड्याचे आणि कुदळीचे नुसते पाते न्यावे, दांडा नव्या गावी बसवून घ्यावा. आसामात बांबूचा मिळेल, विदर्भात बाभळीचा. खुरपे, सिकेटर, कलमाचा चाकू आणि झारीची पितळी जाळी एका पत्र्याच्या पेटीत मावतात. नव्या क्वार्टरमध्ये आधीच्या रहिवाशाने ठेवलेल्या बाटल्या वापरू नयेत, त्यांवरील लेबल शाबूत असले तरीही.

आणि ज्यांच्याकडे शेडच नाही, केवळ सदनिकेची गॅलरी आहे, त्यांनी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी झाकणाची पेटी करून घ्यावी. ती चार विटांवर ठेवावी म्हणजे गॅलरी धुताना तळ भिजणार नाही, आणि झाकण थोडे उतरते ठेवावे. आत हत्यारे, सुतळी, गुंडाळलेली नळी, दोन किलो गांडूळ खत आणि रिकाम्या कुंड्या राहतात. वर गादी टाकली की चहा घ्यायला बसता येते. रासायनिक खत आणि कीटकनाशक यांना या पेटीत जागा नाही. गॅलरीतील बागेला ती लागतही नाहीत.